चिखलातली दुपार

टी-शर्ट आले. यंदा रंग पिवळाही नाही आणि नारिंगीही नाही, मधलाच कुठला तरी आहे आणि मापं नेहमीप्रमाणे चुकली आहेत. पाठीवर मागच्या वर्षीचंच वाक्य आहे, 'मनातलं बोला. आम्ही ऐकतोय.' पुढे होडीचं चित्र आणि त्याखाली आमच्या कार्यक्रमाच्या चिटणिसांनी स्वतः रचलेलं 'वल्हे मारू, जीव तारू'. यमक जुळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मी टी-शर्ट धुऊन गॅलरीत वाळत घातला आणि तिथेच उभी राहिले.

पनवेलमध्ये ऑक्टोबर आधी नाकाला कळतो. दसरा होऊन गेलेला असतो, नद्यांचं गढूळ पाणी ओसरलेलं असतं, आणि दुपारी खाडीकडून वारा आला की उघड्या पडलेल्या चिखलाचा खारट, कुजका, कोमट वास येतो. संध्याकाळी त्यावर तळोज्याच्या कारखान्यांचा वास चढतो आणि मग कोणता कुठला ते सांगता येत नाही. पूर्वी मी खिडकी लावून घ्यायचे. आता तो वास आला की मी खुर्चीवर नकळत पाय वर घेते. मागच्या वर्षी याच दिवसांत एक अख्खी दुपार मी त्या चिखलात, प्लास्टिकच्या होडीत, पाय वर घेऊन काढली. आमच्या सोसायटीत तो किस्सा अजून रंगवून सांगतात. मीही सांगते. फक्त त्यातलं हसण्यासारखं तेवढंच सांगते.

त्याआधीचं दीड वर्ष मी घरातच होते. विनायक, म्हणजे माझा नवरा, तळोज्याला एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होता. (मी त्याला नावाने हाक मारते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही.) कंपनी गुजरातला गेली आणि हा घरी आला. सुरुवातीला त्याने बिल्डिंगमधले सगळे पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त केल्या. मग दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. मग तो बसून राहायला लागला, आणि एका उन्हाळ्यात ते झालं. काय झालं ते मी लिहिणार नाही. तो वाचला. डॉक्टर चांगले होते, औषधं सुरू झाली. घरी सोडताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, काही दिवस त्यांना एकटं सोडू नका. काही दिवस म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. ते संपल्याचं मला कोणी सांगितलं नाही. म्हणून मी घराबाहेर पडलेच नाही.

भाजी फोनवर मागवायची. शिकवण्या घरातच. बँकेत जायचं तर दोघांनी जायचं, जणू आम्हाला एकमेकांवाचून करमतच नाही. बाथरूमला आतून कडी लावायची नाही, हा आमच्या घरातला न बोललेला नियम होता. तो आत गेला की मी ओट्यापाशी हातातलं काम थांबवून पाण्याचा आवाज ऐकायची. पाणी थांबलं की विचारायची, "चहा घेणार का?" आवाज यावा म्हणून विचारायची, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. "घेतो," म्हणायचा. त्या दीड वर्षात विनायकने नको असलेला किती चहा प्यायला असेल. तो मला कंटाळला असेल, मी त्याला कंटाळले होते, आणि दोघंही एकमेकांशी अतिशय चांगलं वागत होतो. त्या चांगुलपणासारखी घुसमट नाही.

बाहेर आम्ही बीपी सांगितलं होतं. सोसायटीत लोक मूळव्याधीचं ऑपरेशन लिफ्टमध्ये तपशीलवार ऐकवतात, कुणाच्या हृदयात किती स्टेंट आहेत ते वॉचमनलाही पाठ असतं. पण हे एक सांगता येत नाही. सांगितलं की त्या घराकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलते, आणि ती बदललेली नजर विनायकला दिसली असती.

त्यात हा कार्यक्रम आला. गावात एका संस्थेचं छोटं केंद्र आहे. जीव नकोसा झालेली माणसं तिथे फोन करतात आणि स्वयंसेवक ऐकून घेतात. त्या केंद्राला चोवीस तास फोन सुरू ठेवायला पैसे हवे होते. म्हणून आमच्या भागातल्या मंडळींनी ठरवलं, की खाडीत कयाक, म्हणजे प्लास्टिकच्या अरुंद होड्या, वल्हवत जाऊन यायचं आणि भाग घेणाऱ्याने ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या आणायच्या. खालच्या मजल्यावरच्या शिरीनने मला न विचारता माझं नाव दिलं. तिचा नवरा दोह्याला, घरात ती आणि तिचे सासरे, ज्यांना अख्खी बिल्डिंग अब्बा म्हणते. तिला दोघांची होडी मिळाली होती आणि जोडीदार हवा होता. मी नाही म्हणणार होते. विनायक म्हणाला, "जा गं. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

देणग्यांसाठी मी दारोदार हिंडले, तेही त्याला सोबत घेऊन. तो जिन्यात उभा राहायचा आणि मी दारात सांगायची, ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी आहे हो. लोक द्यायचे. एक बाई म्हणाल्या, असं करणाऱ्यांना घरच्यांचा विचार कसा येत नाही. मी मान हलवली. मागे जिन्यात विनायक कठड्यावरची धूळ बोटाने पुसत होता.

कार्यक्रम होता त्या रविवारी कोजागरी दोन-तीन दिवसांवर होती. सकाळी नवाच्या सुमाराला पूर्ण भरती, तेव्हा आठला निघायचं, भरल्या पाण्यात जाऊन यायचं, असा बेत होता. बेत उत्तम होता. फक्त आपल्याकडे नारळ फुटल्याशिवाय कशालाच सुरुवात होत नाही, आणि नारळ फोडणारे पाहुणे पळस्प्याला ट्रॅफिकमध्ये अडकले होते. पाच मिनिटांत पोचतात, असं चिटणीस माइकवरून सांगत राहिले. पाहुणे आले. मग दीपप्रज्वलन, वाऱ्याने विझलेल्या वाती, स्वागतगीत, शाली. सत्कारमूर्तींत जनानानाही होते. खाडीकाठच्या गावातले, मशीनच्या होडीचे मालक, आमच्याबरोबर राखणीला येणार होते. त्या उकाड्यात अंगावर शाल घेऊन ते व्यासपीठावर बसले होते आणि मान वळवून सारखे मागच्या पाण्याकडे बघत होते. पण पाहुणे बोलत असताना व्यासपीठावरून उठायचं कसं? शाल घेतलेल्या माणसाने तर नाहीच. पाणी भरलं, थोडा वेळ थांबलं, आणि काठाकडचा पालापाचोळा उलट्या बाजूला निघाला. आम्हा सगळ्यांना ते दिसलं. पाहुणे जीवन किती अनमोल आहे ते सांगत होते.

माझे दोन तास तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवरच संपले. मी उठून घरी जाऊ शकले असते. पण भर कार्यक्रमातून उठायला कारण लागतं, आणि माझ्याकडचं कारण सांगण्याजोगं नव्हतं. त्या मांडवात दीडशे पाठींवर 'मनातलं बोला' लिहिलेलं होतं, त्यातली एक पाठ माझी होती.

पाण्यात उतरल्यावर मात्र मी सगळं विसरले. हे खरं आहे, आणि ते आठवून मला अजून बरं वाटतं. वल्हं पाण्यात जातं, होडी पुढे सरकते, एवढंच. दोन्ही बाजूंना तिवरांची हिरवी भिंत, लांब पुलावर खेळण्याएवढे ट्रक, एक खंड्या निळा चमकून गेला. शिरीन पुढे बसून कसलंसं गाणं गुणगुणत होती. दीड वर्षात पहिल्यांदा मी कुणाचा आवाज ऐकण्यासाठी कान देऊन बसले नव्हते. हे ध्यानात आलं आणि तिथेच सगळं संपलं. घर आठवलं. मी घाई सुरू केली. तिवरांमधून एक अरुंद फाटा आत जात होता, भरतीला होड्या त्यातून वळसा वाचवतात असं सकाळीच कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, शिरीन, इथून घेऊ, लवकर पोचू. तिने घेतलं. थोडं आत गेल्यावर होडीच्या पोटाखाली कुणी हात फिरवावा तसा आवाज झाला आणि होडी थांबली. आम्ही वल्ह्याने ढकललं. वल्हं अर्ध्यापर्यंत चिखलात गेलं आणि काढताना होडी आणखी रुतली.

जनानाना मोठ्या पाण्यातून शोधत आले, पण त्यांची होडी आत येण्यासारखी नव्हती. लांबूनच ओरडले, "ताई, पाय खाली टाकू नका. चिखल कमरेच्या वर हाय. ढकलू नका, गप बसा. आता पानी येल तवाच निघाल."

शिरीनने विचारलं, कधी येईल पाणी. त्यांनी उन्हाकडे हात केला आणि तो पश्चिमेला झुकवून दाखवला. आमचे चेहरे त्यांना दिसले असावेत. नांगर टाकत म्हणाले, "मी हितंच हाय. कुटं जात नाय."

बघता बघता पाणी गेलं. इतका वेळ जिथे खाडी होती तिथे नुसता करडा, चकचकीत चिखल उरला, आणि त्यात हजारो भोकं. भोकांतून एका मोठ्या नांगीचे इवलेसे खेकडे बाहेर आले. निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे बोटभर मासे, उड्या मारत आमच्यापर्यंत आल्या आणि डोळे वर काढून बघत बसल्या. वर ऊन, खाली वाफ. शिरीन पहिल्यांदा खूप हसली. पाहुण्यांची नक्कल केली, यमकं जुळवली. मी गळ्यातल्या पिशवीतून फोन काढून घरी लावला. वाजत राहिला. उचलला नाही. परत लावला. परत वाजला. तिसऱ्यांदाही पूर्ण वाजून बंद झाला.

मला तिथून उतरून धावायचं होतं. घर तिथून काही फार लांब नव्हतं, तिवरांच्या वरून आमच्या बाजूच्या इमारतींच्या टाक्या दिसत होत्या. पण पाय खाली टाकता येत नव्हता. दोघांच्या होडीत मागे बसलेल्याला पुढच्याची फक्त पाठ दिसते. शिरीनच्या पाठीवर, माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर, तेच वाक्य होतं. मी ते वाचत होते, फोन लावत होते, परत वाचत होते. शेवटी मी त्या पाठीला सांगितलं. एका दमात, काय झालं होतं, कधी झालं होतं, बीपी नाही, मी दीड वर्षात त्याला एकटं सोडलेलं नाही, आज सोडलं आणि तो फोन उचलत नाही.

शिरीन वळली नाही. वळली असती तर होडी चिखलात एका बाजूला कलंडली असती.  तिने एवढंच विचारलं, "आत्ता घरात दुसरं कोण आहे?"

"कोणी नाही."

तिने फोन काढला. मला वाटलं ती केंद्राला लावतेय, किंवा पोलिसांना. तिने अब्बांना लावला. अब्बांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते फोनवर अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं बोलतात. त्यांच्याकडे कुवेतहून आणलेला एक टेपरेकॉर्डर आहे, टॉवेलात गुंडाळून ठेवलेला, जिवापलीकडे जपलेला. शिरीन म्हणाली, अब्बा, आम्ही खाडीत चिखलात अडकलोय, तो टेप घेऊन आत्ताच्या आत्ता वर जा, विनायकभाईंना सांगा बिघडलाय, आणि मी येईपर्यंत तिथून उठू नका. दार उघडलं नाही तर लगेच वॉचमनला बोलवा आणि मला फोन करा.

पलीकडून अब्बांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "अगं पण टेप तर बराबर चालू हाय."

"मग बिघडवा, अब्बा," शिरीन म्हणाली. "आणि जा."

पुढची वेळ किती होती, मी सांगू शकत नाही. समोर दोन निवट्या भांडत होत्या, एवढं आठवतं. एकीने दुसरीला भोकात ढकललं, ती पुन्हा वर आली. मी कुठल्याच देवाचं नाव घेतलं नाही, मला सुचलंच नाही. शिरीनचा डावा हात मागे आला आणि माझ्या गुडघ्यावर राहिला. मग फोन वाजला. अब्बा ओरडत होते, बसलोय, भाईंनी चहा केलाय, त्यांचा फोन आत चार्जिंगला होता, आणि तुम्ही दोघी कुठल्या चिखलात जाऊन बसल्या आहात. मी रडले. लांबून जनानानांनी विचारलं, बाईंना उन्हानं भोवंडलं काय. शिरीनने हात हलवून सगळं ठीक असल्याचं सांगितलं.

अडकलो तर आम्ही नंतरही होतोच. पण त्या उरलेल्या दुपारी मला एक कळलं, आणि ते कळायला तो चिखल लागला याचा थोडा रागही आला. मी दीड वर्ष विनायकला वल्हं मारायला सांगत होते. ऊठ, फिरायला चल, काहीतरी कर, मुलांना शिकव, जप कर. प्रेमाने सांगत होते. आणि तो प्रत्येक वेळी थोडा आणखी रुतत होता. जनानानांनी आम्हाला काही करायला सांगितलं नव्हतं. ते आत येऊ शकत नव्हते, ओढून काढू शकत नव्हते, पाणी आणू शकत नव्हते. डोक्यावर सत्काराची शाल घेऊन ते ऐकू येईल एवढ्या अंतरावर नुसते थांबले होते, आणि अधूनमधून विचारत होते, "हाय ना?" आम्ही म्हणायचो, "आहोत."

पाणी आलं ते कळलंही नाही. आधी भोकांत बुडबुडे आले, खेकडे आत गेले, निवट्या उतारावर वर सरकल्या. ऊन पिवळं झालं होतं. मग होडीच्या बुडाला एक हलकी थरथर झाली, आणि थोड्या वेळाने ती आपली आपण उचलली गेली. जनानाना पुढे झाले, आम्ही मागून. काठावर मांडव सोडून खुर्च्या भरत होते.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. दार उघडंच होतं. हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर टेपरेकॉर्डरचे भाग ओळीने मांडलेले होते, एकीकडे विनायक, एकीकडे अब्बा. अब्बांनी शिरीनला पाहिलं आणि त्यांचा बांध फुटला. ती त्यांना धरून खाली घेऊन गेली. मी चिखलाच्या पायांनी तशीच उभी होते. 

विनायक स्क्रू उचलून वाटीत ठेवत होता. म्हणाला, "यात काही बिघाड नव्हता. पहिल्या पाच मिनिटांत कळलं मला."

"मग एवढा खोलून का बसलास?"

"म्हाताऱ्याची सून चिखलात अडकलेली," तो म्हणाला. "हात कापत होते त्यांचे. एकट्यानं खाली काय केलं असतं त्यांनी? म्हटलं, काहीतरी निमित्त काढून बसवून घ्यावं."

 दीड वर्षात विनायक पहिल्यांदा दुसऱ्या कुणावर लक्ष ठेवून बसला होता.

त्याला आता वर्ष झालं. सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. वाईट दिवस येतात. सांगून येत नाहीत, आणि त्या दिवसांत मी पुन्हा ओट्यापाशी थांबते. पण तो आता केंद्रात आठवड्यातून एकदा जातो, तिथले फोन आणि वायरिंग बघतो, आणि डॉक्टरांकडे एकटा जातो. परवा बाथरूमला आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी कणीक मळत होते. हात थांबले. मग मी परत मळायला लागले, जरा जास्तच मळली गेली.

यंदा भाषणं होड्या परत आल्यावर होणार आहेत, हे सभेत विनायकने उभं राहून मंजूर करून घेतलं. नारळ आदल्या दिवशीच फुटेल. चिटणीस दुखावले आहेत. आणि यंदा होडीत मी नाही, विनायक आहे, मागच्या जागेवर. पुढे शिरीन. मी म्हटलं, मी काठावर उभी राहते. तो नको म्हणाला. "तू काठावर असलीस तर मी सारखा वळून बघीन, आणि होडी कलंडेल. घरी थांब."

म्हणजे रविवारी तो पाण्यात असेल आणि मी इथे, या चार खोल्यांत, फोनकडे बघत. मला आत्तापासून धड श्वास घेता येत नाही. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, पण त्याने ओळखलं असावं, कारण मघाशी खालून अब्बांचा फोन आला. रविवारी सकाळी ते टेप घेऊन वर येणार आहेत म्हणे, भाईंनी सांगितलंय, शिरीन आणि भाई परत येईपर्यंत उठायचं नाही.

मी विचारलं, टेपला काय झालंय.

म्हणाले, काही नाही, बराबर चालू हाय.

म्हटलं, या. बिघडवू.